काढू का तिकीट?

गणपतीपासून दिवाळीपर्यंत सिनेमांची जी रीघ लागली, तशीच तुमच्या पत्रांचीही लागली. काही पत्रं उन्हाळ्यातल्या सिनेमांबद्दल आहेत, कारण ते आता कुठे घरी बघून झालेत. अटी नेहमीच्याच. शेवट फोडणार नाही, आणि तारे मागू नका.

ताई, ‘दशावतार’वरून आमच्या घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, असा सिनेमा कित्येक वर्षांत झाला नाही. मला मध्यंतरानंतर कंटाळा आला. निवाडा करा.
— एक सूनबाई, कुडाळ

सासरे मध्यंतराआधीच्या सिनेमाबद्दल बोलताहेत आणि तुम्ही नंतरच्या. त्यामुळे भांडण मिटवायला मला काही करावंच लागणार नाही.

‘दशावतार’ आला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. या वयाच्या नटाला आपल्याकडे झोपाळ्यावर बसवून आशीर्वाद द्यायला लावतात. इथे ते बाबुली मेस्त्री आहेत, दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यातले नट. नजर अधू झालीय, पण वेश उतरवायचं नाव काढत नाहीत. मुलगा (सिद्धार्थ मेनन) बापाला जपायला बघतो आणि बाप त्याला दाद देत नाही. त्या दोघांमधलं सगळं फार छान आहे. दशावतारात लिहून दिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, तोंड ज्याचं त्याने रंगवायचं आणि पेटी-मृदंगाच्या साथीवर उभ्या जागी बोलणं रचायचं. असा माणूस दाखवायचा तर नुसती मालवणी पाठ करून भागत नाही, रात्ररात्र जागलेलं अंग लागतं. प्रभावळकरांकडे ते आहे. त्यांचं बसणंसुद्धा दमलेल्या नटाचं बसणं आहे.

मग खाण येते आणि सिनेमा बदलतो. खाणीचा प्रश्न तुमच्या जिल्ह्यात खराच आहे. दोडामार्गातल्या कळणे गावच्या लोहखनिज खाणीचं प्रकरण ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांना ठाऊक आहे की अशा वेळी मधला दलाल गावचाच निघतो आणि नोकरीची आस लागलेलं पोरगं घरचंच असतं. चीड कुणावर काढायची हेच कळत नाही. सिनेमातली दुष्ट माणसं मात्र उंबऱ्यातून आत येतानाच दुष्ट असतात. मग सूड, मग अवतार, मग प्रचंड ढोल. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी पहिल्या भागात माझ्यावर विश्वास ठेवला होता. दुसऱ्या भागात त्यांना माझी खात्री वाटेनाशी झाली, म्हणून मला कधी काय वाटायला हवं ते वाजवून सांगू लागले.

निकाल: तिकीट काढा, प्रभावळकरांसाठी. पुण्या-नाशिककडच्यांनी आणखी एक करावं. कार्तिकापासून तळकोकणात जत्रा सुरू होतात. एखाद्या देवळासमोर रात्रभर बसून खरा दशावतारही बघून घ्यावा.

मावशी, ‘सैयारा’बद्दल तुम्ही लिहिलं होतं, “गाण्यांचे पैसे वसूल, गोष्टीचे नाहीत.” आमचा अख्खा ग्रुप रडला. तुम्हाला आमच्या वयाचं प्रेम कळत नाही का?
— बी.एस्सी. दुसरं वर्ष, लातूर

रडलात ते चांगलं झालं, थिएटर त्यासाठीच असतं. दोन नवे चेहरे घेऊन मोहित सुरींनी एवढा मोठा सिनेमा उभा केला, याचं मलाही कौतुक आहे. अनीत पड्डा तर गप्प असतानाही काहीतरी करत असते. अहान पांडे गप्प राहिला की मला बरं वाटतं, पण तो माझ्या वयाचा दोष समजा.

माझी तक्रार प्रेमाबद्दल नाही, आजाराबद्दल आहे. ऐन विशीतल्या मुलीला स्मृतिभ्रंश होतो आणि तो पटकथेच्या सोयीने वागतो. गाण्याआधी आठवण जाते, गाण्यात परत येते. माझ्या सासूबाईंना हा आजार होता. शेवटी शेवटी त्या मला विचारायच्या, “तुम्ही कोणाकडे आलात?” आणि उत्तराची वाट न बघता म्हणायच्या, “बसा, चहा टाकते.” गॅस आम्ही बंद करून ठेवलेला असे. त्यात कसलं संगीत नव्हतं. रोज तेच, न संपणारं. या आजारातला खरा जाच म्हणजे तो कंटाळा, आणि सिनेमाने नेमका तोच गाळला. कंटाळा सोसूनही जो मुलगा तिच्यापाशी टिकला असता, त्याची प्रेमकथा मी तुमच्या ग्रुपच्या शेजारी बसून पाहिली असती.

अमेरिकेतल्या सन्डन्स चित्रपट महोत्सवाचं बक्षीस मिळालं म्हणून ‘सबर बोंडं’ला गेलो. सिनेमात काही घडतच नाही. पार्श्वसंगीतसुद्धा नाही. आमच्या रांगेतले चौघे मध्येच उठून गेले. याला चांगलं का म्हणायचं?
— एक निवृत्त लेखापाल, संगमनेर

पहिली गोष्ट, बक्षिसाच्या भरवशावर तिकीट काढू नका. २०२५ च्या जानेवारीत सन्डन्सला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला मिळालं. तिथे निवडला गेलेला हा पहिला मराठी सिनेमा. अभिमान वाटावा असंच आहे. पण परीक्षकांना काय आवडलं ते त्यांच्यापाशी. संध्याकाळ तुमची आहे.

आता “काही घडत नाही” याबद्दल. मुंबईत राहणाऱ्या आनंदचे वडील वारतात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी येतो. सुतक म्हटलं की घर माणसांनी भरतं आणि दुःख करायला कोपरा मिळत नाही, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. चहा झाला की काका-मामांचा एकच विषय, याचं लग्न कधी? आनंदला पुरुष आवडतात. आईला ते ठाऊक आहे आणि ती नातेवाइकांना परस्पर थोपवत राहते. गावात बाळ्या आहे, लहानपणचा मित्र, शेती करतो, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. म्हणजे एका घरात मरण, एका मुलाचं गुपित, एका आईचा पहारा आणि नव्याने धरलेला एक हात. यापेक्षा जास्त काय घडायला हवं होतं? फरक इतकाच की कोणी ओरडून सांगत नाही.

पार्श्वसंगीत नाही ते मुद्दाम. ते नसलं की तुम्हाला बाकीचं ऐकू येतं. भांडी, गुरं, झाडातला वारा, बायकांची खालच्या आवाजातली बोलणी. सगळ्यात जास्त ऐकू येतं ते माणसांचं न बोलणं. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि माणसं त्याच्या चौकटीत येतात-जातात. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला गाव असंच दिसतं. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी आनंद आणि बाळ्या केलेत. पण माझं लक्ष आईवरून हलेना. जयश्री जगताप या बाईंनी दुःख आणि हुशारी एकाच चेहऱ्यावर ठेवलीय.

उठून गेलेल्या चौघांना मी नावं ठेवणार नाही. दिवसभराच्या कामानंतर असा सिनेमा जड जातो. आमचे हेसुद्धा अर्धा तास घोरले. मात्र घरी आल्यावर रात्री जेवताना म्हणाले, “तिला सगळं माहीत होतं ना गं, आईला?” झोपेतून एवढं पोचलं म्हणजे सिनेमा पोचला.

निकाल: काढा, पण फोन बंद आणि पोट भरलेलं असताना. पुन्हा बघाल तर एकटे बघा.

माझा ११ वर्षांचा मुलगा भयपटासाठी हट्ट धरून बसलाय. इंग्रजी ‘कॉन्ज्युरिंग’ दाखवू, की मराठी ‘जारण’?
— एक आई, सोलापूर

आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघा. नोव्हेंबर २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे तीन भाग झालेत: ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे. हे आकडे पालकांसाठी सूचना आहेत, निर्णय तुमचा. ‘ए’ असेल तर प्रश्नच मिटला. आईबाप बरोबर असले तरी १८ च्या आतल्यांना प्रवेश नाही, आणि दारावरच्या पोराशी त्यावरून हुज्जत घालू नका, तो त्याचं काम करतोय.

‘कॉन्ज्युरिंग’वाल्यांचा नवा भाग बेताचा आहे. दार करकरतं, मग शांतता, मग दचकवणं. एकदा ताल कळला की भीती संपते. मुलांना तो ताल आपल्याआधी कळतो.

‘जारण’ मला आवडला, पण अकरा वर्षांच्या मुलासाठी नाही. तो घाबरेल म्हणून नव्हे, त्याला त्यातली भीती कळायचीच नाही. हृषीकेश गुप्ते मुळात भयकथा लिहिणारे, त्यामुळे भूत कधी दाखवायचं यापेक्षा कधी दाखवायचं नाही हे त्यांना चांगलं समजतं. अमृता सुभाष यांची राधा बाधेने पछाडलीय की मनाच्या आजाराने, या दोन शक्यतांमध्ये सिनेमा आपल्याला धरून ठेवतो. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा असलेल्या राज्यात हा विषय घेणं अवघड. करणी खरी दाखवली तर अंधश्रद्धा, खोटी दाखवली तर भयपटातली हवाच गेली. बराच वेळ ही कसरत जमलीय. अनिता दाते यांची गंगुती काही दिवस तुमच्या मागच्या अंगणात वावरेल. शेवटाबद्दल मोठ्यांनी घरी जाऊन वाद घालावा.

मुलाला २०२५ च्या मे महिन्यात आलेला ‘एप्रिल मे ९९’ दाखवा. कोकणातली उन्हाळ्याची सुट्टी, टवाळ पोरं आणि पुण्याहून आलेली एक मुलगी. रोहन मापुसकरांनी पोरांना शहाणपण शिकवायचा मोह टाळलाय. भूत नाही, पण तक्रार करणार नाही तो.

‘स्थळ’ बघितला आणि पोटात कालवलं. गेल्या वर्षभरात मला चार जण बघून गेले. प्रश्न तेच, पाट तोच, पोहे तेच. हा सिनेमा आईला दाखवू का?
— एम.ए. करणारी मुलगी, वरोरा

आईला नको. तिला पाठ आहे तो. वडिलांना दाखवा, मामांना दाखवा, आणि त्या काकांना, जे दर वेळी “मुलगी उंचीला जरा…” म्हणून वाक्य अर्ध्यावर सोडतात.

जयंत सोमलकरांनी तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात हा सिनेमा केला, अभिनयाचं शिक्षण नसलेल्या गावच्या माणसांना घेऊन. सुरुवातच अशी की मुली बसल्यात आणि मुलगा खाली मान घालून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतोय. थिएटरात हशा पिकतो. मग सविताला जाग येते, आणि तेच प्रश्न तिच्यावर सुरू होतात. तेव्हा हसायची सोय उरत नाही. नंदिनी चिकटे या मुलीचा चेहरा दर कार्यक्रमागणिक थोडा थोडा बंद होत जातो. तो दरवेळी तसाच दिसतो असं ज्याला वाटेल, त्याने सिनेमा नीट बघितलेला नाही. तेच तेच दाखवल्याची तक्रार काहींनी केली. अहो, तेच तेच आहे म्हणून तर सिनेमा आहे.

मला याहून महत्त्वाचं वाटलं ते कापसाचं. मुलीचा बाप वाईट नाही. भाव पडलाय आणि हुंड्याचा आकडा तसाच आहे, त्यामुळे एक बरा माणूस वाईट वागायला लागतो. कोणी खलनायक नाही. ‘दशावतार’बद्दल वर जे म्हणाले, त्याचं उत्तर इथे आहे.

तुमच्या चार जणांचं मी काही करू शकत नाही. परीक्षा द्या. पाचवा यायच्या आत निकाल लागला तर उत्तम.

वेळ नाही. पनवेल ते सीएसएमटी गाडीत वाचतो. जरा भराभर सांगा.
— एक नोकरदार

‘कांतारा: चॅप्टर १’: मोठ्या पडद्यावरच बघा किंवा बघूच नका, घरच्या टीव्हीवर नुसता आवाज उरेल. ऋषभ शेट्टी अंगात आल्यावर थरारक, एरवी ठीक. ‘लोका’: मल्याळम, केरळच्या यक्षीच्या दंतकथेतून उभी केलेली महानायिका. कल्याणी प्रियदर्शन हसत नाही, उड्या मोजक्या मारते, म्हणून पटते. आपल्याकडे आसरा, जखीण, हडळ अशी एवढी मंडळी बेकार बसलीत, कोणीतरी मनावर घ्या.

‘होमबाउंड’ला मात्र एक ओळ पुरणार नाही, पुढचं स्टेशन येईपर्यंत थांबा. नीरज घायवान यांचा हा सिनेमा कान महोत्सवात झळकला, पुढे ऑस्करसाठी भारताकडून गेला. गावातले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित, दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दीला कोणी जात-धर्म विचारत नाही असं त्यांना वाटतं. पुढे सुरतची गिरणी आणि २०२० ची टाळेबंदी. त्या उन्हातल्या रस्त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. मला आठवतो तो अर्ज. दोघांतल्या दलित चंदनला तो राखीव जागेतून भरायचा की खुल्या, हा प्रश्न. मी बँकेत नोकरी केली. असे अर्ज भरणारी मुलं काउंटरपलीकडे पाहिलीत, पेन त्या रकान्यापाशी थबकायचं. विशाल जेठवाने ते थबकणं बरोबर पकडलंय. ईशान खट्टर उत्तम. जान्हवी कपूरच्या वाट्याला भाषणं आलीत. निकाल: काढा. रुमाल न्या, पण रडायची सक्ती नाही, ते दिग्दर्शकाने तुमच्यावर सोडलंय.

आमच्या शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमा सकाळी साडेनऊला किंवा रात्री अकराला. मग “प्रेक्षक येत नाहीत” म्हणून सोमवारी काढतात. मराठी माणसाने काय करावं?
— एक शिक्षक, पश्चिम महाराष्ट्र

२०१५ साली राज्य सरकारने ठरवलं होतं की मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमा दाखवावा. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं होतं, मग वेळ सैल केली. या वेळेत दुपारचे सव्वाबाराही येतात आणि कामावरचा माणूस सव्वाबाराला येत नाही.

पण सगळा दोष मल्टिप्लेक्सवर टाकू नका. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तीन मराठी सिनेमे एकाच शुक्रवारी आले. प्रेक्षक तोच, पाकीट तेच. निर्मात्यांना कॅलेंडर बघायची बंदी आहे का?

तुम्ही करण्यासारखं एकच आहे. बघायचा असेल तर शुक्रवार-शनिवारीच बघा, कारण पुढच्या आठवड्याचे खेळ त्या दोन दिवसांच्या गल्ल्यावर ठरतात. आणि वर्गात मुलांना “मराठी आहे म्हणून बघा” असं सांगू नका. ‘स्थळ’ चांगला आहे म्हणून बघा. मराठी आहे म्हणून बघितलेल्या वाईट सिनेमानंतर माणूस पुढचे चार चांगले सोडतो.

तुम्ही तारे का देत नाही? आणि समीक्षकांना तिकिटं फुकट मिळतात म्हणे.
— एक संशयात्मा, ठाणे

‘लोका’ला साडेतीन आणि ‘स्थळ’ला साडेतीन दिले तर त्याचा अर्थ काय लावाल? एक उड्यांचा, एक पोह्यांचा. म्हणून नाही.

तिकीट मी पदरचं काढते, मिरजेहून सांगलीला जाऊन. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी १२ होता. वरच्या तिकिटांना १८ टक्के तसाच. शंभराच्या आतलं तिकीट तुमच्या ठाण्यात कुठे मिळत असेल तर मलाही कळवा.

‘आता थांबायचं नाय’ नातीने दाखवला. माझं वय ५८. नववीत शाळा सुटली, धाकट्या भावंडांमुळे. सिनेमा संपल्यावर मी उठलेच नाही. या वयात दहावी देता येते का, की हे सिनेमातच होतं?
— एक आजी, सिन्नर

आजी, ती गोष्ट खऱ्या घटनेवरच बेतलीय. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावीला बसतात. शिवराज वायचळ यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा. उत्तरार्धात जरा गोड होतो आणि एक-दोन गाणी उगाच आहेत. पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना विनोदी नट म्हणून ओळखणाऱ्यांनी त्यांना त्या बाकावर अवघडून बसलेलं बघावं. सिनेमाबद्दल एवढं पुरे, तुमचा प्रश्न मोठा आहे.

येतं. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, त्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरतात. वयाची वरची अट नाही. अर्ज ऑनलाइन असतो, नातीला बसवा. मंडळाने नेमून दिलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत कागद द्यावे लागतात. मुख्य कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तो हरवला असेल तर जुन्या शाळेत जाऊन दुय्यम प्रत मागा, रजिस्टरात तुमचं नाव असणार. मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, त्यामुळे यंदाची गेली असेल तर पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच विचारून ठेवा. नाशिकला मंडळाचं विभागीय कार्यालय आहे, सिन्नरहून तासाभराचा रस्ता. गणित आणि इंग्रजीला शिकवणी लावा, मराठीला नको.